फुलशेतकऱ्याची मुलगी रॅलीत

आज आम्ही मिशेल मूतोंची गोष्ट सांगणार आहोत. जन्म 1951 चा, फ्रान्समधल्या ग्रास गावचा. तिथे अत्तरासाठी गुलाब आणि मोगऱ्याच्या जातीची जाई पिकते. तिचे वडील हीच फुलशेती करायचे. चौदाव्या वर्षीच तिने घरची गाडी चालवून पाहिली होती.

रॅली म्हणजे गोल मैदानातली शर्यत नव्हे. घाट, माती, बर्फ, जंगल अशा रस्त्यांवर एकेक गाडी वेळ लावून सोडतात. चालकाशेजारी साथीदार बसतो. पुढचं वळण किती तीव्र, कुठे चढ, हे तो वहीतून वाचून सांगत राहतो. मिशेलची सुरुवात या शेजारच्या सीटवरूनच झाली. वडिलांना ते पटेना. करायचंच तर स्वतः चालव, म्हणाले. गाडी घेऊन दिली आणि स्वतःला सिद्ध करायला एक वर्ष दिलं. ती जिंकू लागली, तर गाडीतच काही लबाडी असेल असा संशय आला! (बाईचा वेग पचायला तिकडेही जडच.)

पुढे ऑडी कंपनीने तिला क्वात्रो गाडी दिली. या गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. चिखलात फोर-व्हील ट्रॅक्टर कसा निघतो, ते तुम्ही पाहिलंच असेल. 1981 मध्ये इटलीच्या सानरेमोला तिने जागतिक स्पर्धेतली रॅली जिंकली. असं करणारी ती पहिलीच बाई. शेजारी वही घेऊन बसलेली फॅब्रिझिया पॉन्सही बाईच.

1982 मध्ये तिने पोर्तुगाल, ग्रीस आणि ब्राझील जिंकलं. जगज्जेतेपद जवळ आलं होतं. आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची रॅली सुरू होण्याच्या सुमारास वडील गेल्याची बातमी आली. तिने शर्यत सोडू नये, अशी त्यांची इच्छा होती. ती निघाली, पुढेही होती. मग गिअरबॉक्स बिघडला, आघाडी गेली आणि शेवटी अपघात झाला. जेतेपद वॉल्टर रोहर्लकडे गेलं. मिशेल दुसरी आली.

हा घाव लहान नव्हता, तरी ती थांबली नाही. 1985 मध्ये अमेरिकेतल्या पाइक्स पीक डोंगराच्या चढाईत तिने विक्रम केला. 1986 मध्ये प्यूजो गाडीतून ती जर्मनीची रॅली विजेती झाली. त्याच वर्षी सर्वांत ताकदवान गाड्यांचा वर्ग बंद होणार असं ठरलं आणि ती पूर्णवेळ रॅलीतून बाजूला झाली. 2010 मध्ये मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेत स्त्रियांसाठीच्या समितीचं काम तिने हाती घेतलं. जागतिक रॅली जिंकणारी दुसरी बाई मात्र अजून झालेली नाही.