पहारेकऱ्यांना भूल घालणारा जंतू

समजा, वसमतच्या शिवारात हळद शिजवण्याचा हंगाम चालू आहे. वाफाळत्या कढईच्या काठाला कुणा गड्याचा हात लागतो, टपोरा फोड येतो. पण त्या गड्याला त्याचा पत्ताच नसतो! न दुखणारा हा हात कुष्ठरोगाची खूण असू शकतो.

या रोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सेनने १८७३ साली शोधून काढला. आपल्याकडे या रोगाला ‘महारोग’ म्हणत आणि रोग्याला गावकुसाबाहेर काढीत. वास्तविक शंभरांतल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांना हा रोग होतच नाही. मग उरलेल्यांनाच का व्हावा?

याचे उत्तर आपल्या रक्तातल्या ‘टी’ पेशींत आहे. छातीच्या हाडामागील थायमस ग्रंथीत या पेशी तयार होतात. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी असतात. पण ‘गिळलेस, आता मार!’ हा हुकूम त्यांना टी पेशींकडून मिळावा लागतो. तो सुटला की जंतूंचा निकाल लागतो. कुष्ठाचे काही रोगी असे असतात, की त्यांच्या टी पेशी नेटाने लढतात. त्यांच्या अंगावर मोजकेच चट्टे उठतात आणि जंतू शोधूनही सापडत नाहीत.

दुसऱ्या टोकाच्या रोग्यांत मात्र हा हुकूम सुटतच नाही. जंतू भक्षक पेशीच्या पोटातच बिऱ्हाड थाटतो आणि कोट्यवधींनी वाढतो. त्याच्या कवचातले मेदयुक्त पदार्थ त्या पेशीची मारक शस्त्रे बोथट करतात. शिवाय लढाई आवरती घेणाऱ्या टी पेशी तेथे पुढे सरसावतात. रक्तात प्रतिपिंडे विपुल असतात, पण पेशीच्या आत दडलेल्या शत्रूपर्यंत ती पोचणार कशी? आणि नवल असे, की हेच शरीर इतर बहुतेक जंतूंशी नेहमीप्रमाणे लढते. भूल पडते ती या एकाच शत्रूपुरती!

ही भूल उतरवता येईल काय? या प्रश्नाचा एक धागा मुंबईत, परळला सापडतो. तेथील भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. खानोलकर, डॉ. कमल रणदिवे व बापट यांनी १९५८ साली कुष्ठरोग्याच्या शरीरातून मिळालेला एक जंतू काचपात्रात वाढवला. तो प्रत्यक्ष कुष्ठाचा नव्हे, त्याचा भाऊबंद, असे पुढे ठरले. तरी त्यापासून डॉ. माधव देव यांच्या प्रयत्नांनी मृत जंतूंची लस तयार झाली. लेप्रोमिनच्या चाचणीला मुळीच दाद न देणाऱ्या कित्येक रोग्यांची कातडी ती टोचल्यावर दाद देऊ लागली. झोपलेले पहारेकरी जागे होऊ शकतात, हे त्यातून दिसले. तामिळनाडूतील मोठ्या पाहणीत या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे १९९८ साली प्रसिद्ध झाले.

तोवर हाती खात्रीचे औषध आहेच. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेला बहुऔषधी उपचार सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळतो. सहा महिने ते वर्षभर गोळ्या नेमाने घेतल्या की रोग बरा होतो. उपचार सुरू होताच रोगी इतरांना धोकादायक राहत नाही. मात्र एकदा मेलेली नस औषधाने परत येत नाही. म्हणून फिकट, बधिर चट्टा दिसला किंवा कानाच्या पाळ्या जाड होऊ लागल्या, तर लपवू नका. जंतू लपून बसण्यात तरबेज आहे. निदान आपण तरी त्याला साथ देऊ नये!