जाळीचं बिल

1930 च्या दशकात अमेरिकेतल्या पूल बांधणाऱ्यांत एक ठोकताळा रूढ होता : दहा लाख डॉलरच्या कामामागे एक माणूस जाणारच. सान फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल साडेतीन कोटी डॉलरचा, म्हणजे पस्तीस मृत्यू न लिहिता धरलेलेच. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्राउस यांनी पुलाखाली जाळी बांधून घेतली. तिला सव्वा लाख डॉलरहून थोडे अधिक लागले. एकूण कामाच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. जाळीत पडून 19 जण वाचले. 17 फेब्रुवारी 1937 रोजी मात्र पाच टनी परांची सुटली, जाळी फाडून खाली गेली आणि दहा जण दगावले. जाळी माणसांचं वजन पेलायला होती, पाच टनांचं नव्हे. तरीही पूल पुरा झाला तेव्हा एकूण मृत्यू होते 11.

29 जुलै 2016 ला पुण्यात बालेवाडीला चौदाव्या मजल्यावरच्या स्लॅबचं काम चालू असताना नऊ मजूर खाली कोसळून मेले. अशा बातमीनंतर हेल्मेट आणि पट्ट्यांच्या किमती मोजल्या जातात. पण खरा महाग असतो तो वेळ. सेंट्रिंगवाल्या टोळीला पैसे मिळतात चौरस फुटावर. पट्ट्याचा हूक दर चार पावलांना काढून पुन्हा अडकवायचा, तर दिवसाचं काम घटतं आणि ती घट मजुराच्याच खिशातून जाते. शिवाय हूक अडकवायला आधी दोर ताणलेला हवा! तो नसला की पट्टा नुसताच कमरेला लोंबतो, आणि मुकादम ‘यांनाच नको असतं’ म्हणून मोकळा होतो.

मग हा खर्च करायचा कोणी? निविदेत सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. सिमेंट-सळईच्या भावात फारशी काटछाट होत नाही. जाळी, कठडे, सुरक्षा अधिकारी यांच्यात सहज होते. जो प्रामाणिकपणे हे दर धरतो, तो काम गमावतो. वरचा कंत्राटदार पेटी कंत्राटदाराकडे काम देताना तोच घास पुन्हा कापतो.

मृत्यूची किंमत याच्या उलट बाजूला. 1923 च्या भरपाई कायद्याच्या सूत्रात पगाराचा निम्मा भाग वयाच्या गुणकाने गुणत असत. 2020 साली पगाराची कमाल मर्यादा पंधरा हजार ठरली. म्हणजे महिना पंचवीस हजार कमावणारा तिशीचा कारागीर गेला, तरी 7,500 गुणिले 207.98 : 15 लाख 59 हजार 850 रुपये. विमा असेल तर तेही कंपनी भरते. कंत्राटदाराच्या वाट्याला हप्ता. आणि मस्टरवर नावच नसेल तर हिशेब सुरूही होत नाही. सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढंच ठेवलं होतं. दोन हजारांत एक बरा पट्टासुद्धा जेमतेम येतो.

पैसा नाही असंही नाही. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर कामगार कल्याणासाठी गोळा होतो. 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नोंदवलं की देशभरात 37,400 कोटींवर रक्कम जमली आणि खर्च झाले जेमतेम साडेनऊ हजार कोटी. तशीही ही रक्कम मुख्यतः माणूस पडल्यानंतरची : उपचार, मदत, पेन्शन.

हाँगकाँगने 1996 मध्ये सरकारी कामांसाठी वेगळी वाट काढली. कंत्राटाच्या सुमारे दोन टक्के रक्कम सुरक्षेच्या बाबींसाठी बाजूला ठेवायची, तिच्यावर स्पर्धा नाही. केलेलं काम तपासून मान्य झालं तरच पैसे. आपल्याकडे ती तपासणीची सही कोण किती डोळसपणे करील, ही शंका रास्तच आहे. तरी त्या दरपत्रकातली एक गोष्ट मला फार आवडते : या बाबींसमोरचा दर कंत्राटदाराला भरायचा नसतो, तो आधीच छापलेला असतो.