दुष्काळी बारामती-इंदापुरातल्या जुन्या भिंतींना ओल येते कुठून, अन् सिमेंट लावल्यावर ती वाढते का?

बारामती आणि इंदापूर म्हटलं की दोन गोष्टी डोळ्यासमोर येतात, ऊस आणि टँकर. कालव्याखालचा भाग हिरवागार आणि जिरायत पट्टा पावसाची वाट बघणारा. इथं वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात याच्या पाच-सहा पट पडतो.

तरीही इथल्या जुन्या घरांत एक तक्रार हमखास ऐकू येते, ‘भिंतीला लोणा लागलाय.’ जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत भिंत दमट असते. रंगाला फुगे येतात. प्लास्टरवर पांढरी भुकटी जमते, हात फिरवला की खाली सांडते. मग गवंडी बोलावला जातो, जुनं खरवडून सिमेंटचा गिलावा होतो, वर ऑइलपेंट बसतो. दोन-तीन पावसाळे गेले की लोणा परत हजर, अन् तोही आधीपेक्षा वर चढलेला.

एवढ्या कोरड्या भागात हे पाणी येतं कुठून? आणि पैसे घालूनही ते जात का नाही?

आधी लोणा म्हणजे काय ते बघू

कंदिलाची वात जसं रॉकेल वर ओढते, तशीच भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते. वीट, माती, दगडांमधला दर्जा या सगळ्यांत बारीक छिद्रं असतात आणि त्यातून पाणी चढत जातं. या पाण्यात जमिनीतले क्षार विरघळलेले असतात. भिंतीच्या पृष्ठभागावर आल्यावर पाणी उडून जातं, क्षार मात्र तिथंच राहतात. त्यांचे स्फटिक होतात, स्फटिक फुगतात आणि गिलाव्याला आतून ढकलतात. आपल्याला जी पांढरी भुकटी दिसते ती हीच.

म्हणजे लोणा लागायला दोन गोष्टी लागतात, भिंतीच्या बुडाशी पाणी आणि जमिनीत क्षार. बारामती-इंदापुरात अनेक ठिकाणी या दोन्ही गोष्टी आहेत.

क्षारांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे

१८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर दख्खनमध्ये कालव्यांच्या कामांनी जोर धरला. १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा वाहायला लागला आणि पुरंदर, बारामती, इंदापूरच्या शेतीचं रूप पालटलं. पण भारी काळ्या जमिनीत पाणी मुरलं, ते बाहेर पडायला वाट नव्हती. भूजल वर आलं आणि सोबत क्षारही वर आले. पिकं जळायला लागली.

हा प्रश्न इतका वाढला की पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींचा अभ्यास केला. त्यांचा अहवाल १९१० मध्ये छापून आला. आज बारामतीजवळ माळेगावला दुष्काळ, क्षार अशा ताणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, ती २००९ मध्ये सुरू झाली.

शेतात पीक जाळणारा क्षार घराच्या भिंतीत शिरला की गिलावा पाडतो. शेताला लागून असलेल्या घरांना, मळ्यातल्या जुन्या वस्त्यांना हा त्रास जास्त होऊ शकतो.

मग गावठाणातल्या घरांचं काय?

जुन्या लोकांनी गाव वसवताना जागा बघून वसवलं होतं. म्हणून तर आपल्याकडे शेतजमिनीला ‘काळी’ आणि गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतात. घराचं जोतं दगडाचं आणि उंच. भिंती हात-दीड हात जाड, वीट किंवा पांढऱ्या मातीच्या. सांधे मातीचे नाहीतर चुन्याचे. बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा उभा राहिला, मोरोपंतांनी तिथं आर्या रचल्या, तेव्हा सिमेंट नावाची गोष्टच नव्हती.

तेव्हाही भिंतीत थोडंफार पाणी चढायचंच. पण चुन्याच्या आणि मातीच्या गिलाव्यातून ते सहज उडून जायचं. भिंत ओली व्हायची आणि वाळायची.

गेल्या काही दशकांत गावठाणात तीन गोष्टी बदलल्या. रस्त्यावर थरावर थर चढले, त्यामुळं एकेकाळी उंच असलेलं जोतं रस्त्याच्या पातळीला आलं, कुठं कुठं त्याच्याही खाली गेलं. घरात नळ आले, न्हाणीघर आत आलं, पण सांडपाण्याची गटारं भिंतीला खेटूनच राहिली. आणि अंगणातल्या सारवलेल्या जमिनीवर काँक्रीट पडलं. मातीतून उडून जाणाऱ्या ओलाव्याची वाट बंद झाली. मग तो भिंतीकडं वळला.

सिमेंटमुळं नेमकं काय बिघडतं?

सिमेंटचा गिलावा घट्ट आणि कडक असतो. त्यावर ऑइलपेंट किंवा टाइल लावली की भिंतीला जणू प्लास्टिक गुंडाळलं. आतलं पाणी थांबत नाही, फक्त बाहेर पडायची जागा शोधत आणखी वर चढतं. क्षार गिलाव्याच्या मागे साचतात आणि एक दिवस प्लास्टरचा सगळा पापुद्रा सुटून येतो. येताना मागच्या मऊ विटेचा थरही घेऊन येतो.

खरा धोका याच्याही पुढचा आहे. मातीची भिंत सतत ओली राहिली तर तिची ताकद जाते, आणि बाहेरून सिमेंट असल्यामुळं ते दिसतही नाही. २०२५ च्या मे महिन्यात बारामती-इंदापुरात अवेळी तुफान पाऊस झाला, नीरा डावा कालवा फुटला, घरांची पडझड झाली. असा पाऊस आला की आधीच आतून मऊ झालेल्या भिंतींचं पहिलं मरण असतं.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडमध्येही जुन्या घरांना सिमेंट फासल्यावर ओल वाढल्याचा अनुभव आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये स्थापन केलेली तिथली जुन्या इमारती जपणारी संस्था जुन्या भिंतींना चुनाच लावा असं सांगते.

हीटर किंवा पंखा लावून भिंत वाळवली तर?

थंड देशांत घर गरम ठेवावं लागतं, तिथं हा प्रश्न मोठा असतो. आपल्याकडे ऊन मुबलक आहे. खालून पाणी येत असताना हीटर लावला तर वरचं पाणी भराभर उडतं, भिंत खालून आणखी ओढते आणि क्षार जोरात बाहेर येतात. म्हणून आधी पाण्याचा स्रोत बंद करायचा आणि मग खिडक्या-झरोके उघडे ठेवून भिंत सावकाश वाळू द्यायची.

उष्णतेचा खर्च वाचवायचा असेल तर तो आंघोळीच्या पाण्यात वाचतो. सोलर हीटर इथं उत्तम चालतो. फक्त तो जुन्या माळवदावर ठेवू नका. २०० लिटरची टाकी म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन २०० किलो, वर गळतीची भीती. न्हाणीघराचा वेगळा स्लॅब असेल तर तिथं ठेवा.

मग दुरुस्ती करायची कशी?

क्रम महत्त्वाचा आहे. गिलावा सगळ्यात शेवटी येतो.

१. पाणी शोधा. ओल वर्षभर असेल तर जमिनीतून किंवा गटारातून येतेय. फक्त पावसाळ्यात आणि भिंतीच्या वरच्या भागात असेल तर माळवद किंवा पन्हळ बघा.

२. पाणी तोडा. गटार भिंतीपासून लांब न्या. भिंतीलगतचं काँक्रीट काढा, जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला करा. भिंतीपासून थोडं अंतर सोडून चर खणून त्यात खडी भरता येते. चर पायाच्या खोलीपेक्षा खाली नेऊ नका, नाहीतर पायाच उघडा पडेल.

३. सिमेंट काढा. ओलीची रेघ जिथं आहे त्याच्या हातभर वरपर्यंत काढा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि लांब टाका. पाण्याने धुतले तर ते परत भिंतीत जातात.

४. वाळू द्या. जाड भिंतीला यासाठी काही महिने लागतात. घाई केली तर नवीन गिलावाही जातो.

५. चुन्याचा गिलावा करा. साधारण एक भाग भिजवलेला चुना आणि तीन भाग स्वच्छ, बिनखारी वाळू. ओलीच्या जागी विटांची भुकटी म्हणजे सुरखी घालतात, त्याने चुना लवकर आणि पक्का धरतो. जुने कारागीर गूळ, हिरडा, ताग असंही मिसळायचे. पातळ थर द्यायचे, प्रत्येक थराला वेळ द्यायचा आणि ओलसर ठेवायचं. वरून रंग चुन्याचाच.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू परत दगड होतो, म्हणून त्याला वेळ लागतो. भर उन्हाळ्यात तो वाळून भेगाळतो आणि पावसाळ्यात धरत नाही. दिवाळी ते होळी हा काळ बरा.

एक काळजी घ्यायलाच हवी. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो, डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय, लहान मुलं जवळ असताना हे काम नको.

चुना लावला की प्रश्न मिटला का?

नाही. जमिनीतच क्षार असतील तर चुन्याचा गिलावाही काही वर्षांनी झडणार. पण क्षार तो स्वतःवर झेलतो आणि मागची वीट वाचवतो. झडलेला गिलावा परत करता येतो, कुजलेली भिंत परत करता येत नाही. पूर्वी दर दिवाळीला घराला चुना लावायचे, त्यात ही डागडुजीही होऊन जायची.

आणि भिंत पोटात फुगली असेल, ओळंब्यातून गेली असेल, तुळईजवळ मोठी भेग असेल तर गिलाव्याचा विचार बाजूला ठेवा. आधी त्या खोलीतून बाहेर पडा, जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या इंजिनीअरला दाखवा. पावसाळ्याची वाट बघू नका.