एकट्यानं चढवलेलं छप्पर

घरावर छप्पर चढवायचं म्हटलं की गावात माणसं जमतात. तुळई उचलायला चार जण, खालून रेटा द्यायला दोघं आणि ‘डावीकडं घे, अजून जरा’ असं सांगायला उरलेले सगळे. त्यामुळे एखाद्या सुतारानं आपल्या वर्कशॉपचं लाकडी छप्पर एकट्यानं उभं केलं असं ऐकलं, की पहिला विचार त्याच्या दंडाचा येतो. पण जमलेल्या माणसांकडे थोडा वेळ नीट पाहा. उचलण्याचं काम मिनिटा-दोन मिनिटांत उरकतं. नंतरचा सगळा वेळ ती नुसती धरून उभी असतात. कुणी खांब ओळंब्यात धरलाय, कुणी वाशाचं टोक, कुणी दोरी. एकट्या माणसापुढचं कोडंही तेवढंच असतं: मी खुंटी ठोकत असताना तुळई धरणार कोण?

त्या कोड्याची उत्तरं इतकी साधी आणि इतकी चलाख आहेत, की ती एकदा कळली की प्रत्येक कौलारू घराकडे बघायची नजर बदलते.

समजा, हे वर्कशॉप जुन्नर तालुक्यातल्या आळ्यात बांधायचं आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी म्हणून वारकऱ्यांना हे गाव ठाऊक आहे. छपराच्या दृष्टीनं मात्र त्याची खरी गंमत रस्त्यावर आहे. कल्याणहून नगरला जाणारा रस्ता माळशेज घाट चढून येतो आणि ओतूर, आळेफाटा, बेल्हे करत आणे घाटाकडे जातो. घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. पूर्वेकडे जावं तसा तो झपाट्यानं विरळ होत जातो आणि तालुक्याच्या त्या टोकाला दुष्काळी माळ लागतो. या वाटेवरच्या जुन्या घरांनी पावसाचं हे उतरतं प्रमाण आपल्या माथ्यावर नोंदवून ठेवलं. पश्चिमेला उभ्या उताराची, गवतानं किंवा कौलांनी शाकारलेली पाखी. पूर्वेकडच्या देशावर सपाट, मातीचं माळवद. आळं या दोन्हींच्या मधे पडतं, म्हणून इथल्या माणसाला उतार निवडायची मुभा आहे. आपण ३० अंशांचा, मंगलोरी कौलांचा उतार घेऊ. आतली रुंदी ४ मीटर, लांबी ६ मीटर, भिंतीच्या माथ्याची उंची २.४ मीटर. लाकूड सागाचं.

पहिला सोबती लागतो तो पाणसळीला. चारही खांबांची डोकी एका पातळीत आणायला पारदर्शक नळीत पाणी भरतात, एक जण एक टोक धरतो, दुसरा दुसरं. एकटा माणूस नळीचं एक टोक पाण्यानं भरलेल्या रुंद भांड्यात सोडतो आणि ते भांडं एका खांबाला बांधून टाकतो. हातातल्या बारीक नळीत पाणी थोडं वरखाली झालं, तरी रुंद भांड्यातली पातळी जवळजवळ हलत नाही. त्यामुळे भांड्यापाशी बघत बसायला कुणी लागत नाही. काटकोनासाठी दोरीला ३, ४ आणि ५ हात अंतरांवर गाठी मारून त्रिकोण ताणायचा. तीन कोपऱ्यांवर तीन खुंट ठोकले की तीन माणसांचं काम झालं.

मग खांब. जमिनीवर आडव्या खांबाचा बुडखा एका खुंटाला टेकवला, की तो मागे सरकू शकत नाही. डोकं उचलत नेलं की खांब बुडख्यावरच फिरून उभा राहतो. उभा राहिल्यावर तो सोडून कसं चालेल? इथे त्रिकोण मदतीला येतो. चार फळ्या चार खिळ्यांनी जोडून चौकोन केला तर तो दाबल्यावर कलतो, कारण बाजू तेवढ्याच ठेवून कोन बदलता येतात. त्रिकोणात ते शक्य नाही. तीन बाजू ठरल्या की तीनही कोन ठरले. म्हणून खांबाला एक तिरपा टेका पूर्वेकडून आणि एक दक्षिणेकडून दिला, दोन्हींचे पाय खुंटांना बांधले, की खांब कुठल्याच दिशेला कलू शकत नाही. दोन टेके दोन माणसांची जागा घेतात आणि त्यांचे हात भरून येत नाहीत.

आता तुळई. सव्वाचार मीटर लांब, १५ सेंटिमीटर चौरस. सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं तर ही तुळई ६२ किलोंच्या आसपास भरते. एकट्यानं शिडीवरून न्यायचं हे ओझं नव्हे. पण एक टोक जमिनीवर ठेवून दुसरं उचललं तर हातात येतात ३१ किलो. ते टोक वीतभर उचलायचं, खाली ठोकळा सारायचा, दुसऱ्या टोकाकडे जायचं. पुन्हा वीतभर, पुन्हा ठोकळा. ठोकळे आडवे-उभे रचत गेलं, चळत हलू नये म्हणून तिला टेके दिले, की तुळई पायऱ्या चढल्यासारखी वर जाते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वॉली वॉलिंग्टन नावाच्या निवृत्त सुतारानं हीच युक्ती टोकाला नेली: कित्येक टनांचे काँक्रीटचे ठोकळे त्यानं पहारी, लहान दगड आणि तोल यांच्या जोरावर एकट्यानं हलवले आणि उभे केले.

आढ्यासाठी याहून सुंदर युक्ती आहे. आढं गोल ओंडक्याचं ठेवलं, ६ मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर जाडीचं, तर वजन सत्तर किलोंच्या जवळ जातं. दोन लांब वासे भिंतीच्या माथ्याला तिरपे लावायचे, ३० अंशांत. दोराचं एक टोक वर बांधायचं, दोर खाली आणून ओंडक्याखालून घ्यायचा आणि दुसरं टोक पुन्हा वर. ते ओढलं की ओंडका गडगडत वर येतो. उतारामुळे सत्तरचे पस्तीस किलो झाले. दोर ओंडक्याला वळसा घालून आल्यामुळे पस्तिसाचे साडेसतरा. घर्षणापोटी थोडं जास्त धरा. पण फुकट काही मिळत नाही: ओंडका २.४ मीटर वर न्यायला ९.६ मीटर दोर ओढावा लागतो. जोर चौपट कमी, दोर चौपट लांब. निसर्गाचा हा हिशेब कुणालाही चुकवता आलेला नाही, पण त्यानं हप्त्यांची सोय मात्र ठेवली आहे.

दोन्ही टोकांना असे दोन दोर लावून एकटा माणूस आळीपाळीनं ओढतो. एक टोक हातभर वर आलं की तो दोर खांबाला गुंडाळायचा आणि दुसऱ्याकडे जायचं. इथे खरं आश्चर्य दडलंय. खांबावर गुंडाळलेल्या दोराची पकड वेढ्यांबरोबर बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. लाकूड आणि दोर यांच्यातलं घर्षण बेताचं, ०.३ धरलं, तर एका वेढ्यानं पकड सुमारे साडेसहापट होते, दोन वेढ्यांनी त्रेचाळीसपट आणि तीन वेढ्यांनी पावणेतीनशेपटीहून जास्त. म्हणजे ३५ किलोंचा ताण तीन वेढ्यांपलीकडे दीडशे ग्रॅमही उरत नाही. मोकळ्या टोकावर दगड ठेवला तरी पुरे. मस्तवाल बैलाचं दावं खुंटाला भराभर वेढे देऊन धरणारा गुराखी हे गणित न मांडता रोज सोडवतो.

भिंतीच्या माथ्यावर आलेलं आढं तुळयांवरच्या आखूड खांबांवर चढवायचं. त्या खांबांचे माथे दुबेळक्याचे ठेवले, म्हणजे दोन बोटांत काठी धरावी तसं आढं तिथं बसतं आणि गडगडत नाही.

सांध्यांचंही तसंच. एका लाकडाला कुसू काढायचं, दुसऱ्याला खाच पाडायची, कुसू खाचेत घालून आरपार खुंटी ठोकायची. चार माणसं असली की दोघं सांधा आवळून धरतात. एकटा सुतार भोकं पाडतानाच लबाडी करतो. खाचेच्या दोन्ही गालांमधलं भोक जिथे असतं, त्यापेक्षा कुसवातलं भोक तो दोनेक मिलिमीटर मुळाच्या बाजूला, म्हणजे कुसू जिथून निघतं तिकडे, सरकवतो. भोकं समोरासमोर येत नाहीत. मग निमुळती, वाळलेली खुंटी ठोकली, की ती वाट काढताना कुसवाला आत खेचत जाते आणि सांधा करकचून बसतो. ठोकणाऱ्याचे घाव संपतात, खुंटीचं खेचणं चालू राहतं.

हे सगळं वर चढवायच्या आधी जमिनीवर एकदा मांडून बघतात. कैचीचा, म्हणजे वासे आणि तुळई यांच्या त्रिकोणाचा, प्रत्येक तुकडा आपल्या जोडीदाराशी जुळवायचा, पटाशीनं खुणा करायच्या, मग सोडवायचं. वर गेल्यावर ‘हे बसत नाही’ असं लक्षात आलं तर एकट्याची पंचाईत मोठी.

अर्थात एकटेपणाच्या पुस्तकी गौरवालाही इथे मर्यादा आहे. वॉल्डन तळ्याकाठी स्वतःच्या हातानं झोपडी बांधणाऱ्या लेखक थोरोनं १८४५ च्या मे महिन्यात सांगाडा उभा करायला ओळखीची माणसं बोलावली होती. उलट रिचर्ड प्रोनेकी यांनी १९६८ मध्ये अलास्कातल्या ट्विन लेक्सच्या काठी ओंडक्यांचं घर खरोखरच एकट्यानं बांधायला घेतलं. हत्यारांची पाती सोबत नेली आणि दांडे तिथल्याच लाकडाचे केले. खुंट, टेके आणि दोर सगळं काही धरू शकतात, पण पडलेल्या माणसाला दवाखान्यात नेऊ शकत नाहीत. उंचीवर चढायच्या दिवशी हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं.

टेके काढले, दोर सोडले, कौलं चढली. आता धरायचं काम संपलं असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच ते कायमचं सुरू होतं. आढ्याखालचे खांब थेट जमिनीपर्यंत नेले असते, तर आढं त्यांच्यावर विसावलं असतं आणि पाखी बाजूला फारशी रेटली नसती. पण वर्कशॉपच्या मधोमध खांब नको. फळ्या फिरवायला मोकळी जमीन हवी. मग जोडीचे वासे एकमेकांवर रेलतात आणि खालच्या टोकांनी भिंतींना बाहेर ढकलतात. कैच्या दोन-दोन मीटरवर धरल्या, तर ओल्या कौलांसकट एका पाख्याचे अडीचशे किलो प्रत्येक कैचीवर येतात. ३० अंशांच्या उतारावर बाहेरचा रेटा होतो सुमारे २१५ किलो. तेवढाच भार २० अंशांच्या उतारावर ठेवला तर रेटा ३४० किलोंच्या पुढे जातो. छप्पर जितकं चपटं, तितकं ते भिंती फाकवायला बघतं.

हा रेटा तुळई धरते, रात्रंदिवस, दोन्ही टोकांनी आत ओढत. तिच्या २२५ चौरस सेंटिमीटर छेदाला हा ताण चौरस सेंटिमीटरला किलोभर पडतो. रेषांच्या दिशेनं ओढलेल्या सागाला तो काहीच नाही. म्हणून छप्पर बसतं तेव्हा बहुधा लाकूड तुटलेलं नसतं, सांधा सुटलेला असतो. चांगल्या कैचीत तर आणखी एक उलटापालट दिसते. मधला उभा खांब तुळईवर उभा असावा असं वाटतं, पण तो वरून वाशांच्या मिठीत लटकलेला असतो आणि तुळईचं पोट खाली लोंबू नये म्हणून तिला वर ओढून धरतो.

लाकडी छपराची ही शिकवण या परिसराला फार जुनी आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात कातळाच्या कमानीखाली सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या आजही आहेत, आणि तिथल्या शिलालेखांत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचं नाव कोरलेलं आहे. अखंड डोंगराला फासळ्यांच्या आधाराची गरज नव्हती. जुन्नरजवळच्या लेण्याद्रीच्या चैत्यात तर त्या फासळ्याही दगडातच कोरल्या. ज्या हातांना छप्पर म्हणजे वासे एवढंच ठाऊक होतं, त्यांनी डोंगराच्या पोटातही वासे सोडले नाहीत.

आळ्यात आज नवं वर्कशॉप बांधणारा बहुधा पत्रा घालेल. तो हलका, स्वस्त आणि एकट्याला झेपणारा. पण इथे धरण्याची दिशाच उलटते. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा जोर चौरस मीटरला ४५ किलोंच्या पुढे असतो आणि उताराच्या काही भागांवर तो छप्पर जवळपास तेवढ्याच ताकदीनं वर उचलू शकतो. कौलांचं वजन चौरस मीटरला ३५-४० किलो, शिवाय फटींतून हवा निसटते. पत्र्याचं वजन पाचेक किलो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ जुन्नर-आंबेगावातून गेलं तेव्हा हा फरक अनेकांना पत्रे उडाल्यावर कळला. जवळच खोडदला उभ्या असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी भरीव न ठेवता जाळीच्या केल्या आणि ती जाळी तारांच्या दोरांनी ताणून धरली, त्यातही वारा आरपार जावा हा विचार होता.

म्हणून पत्र्याचं छप्पर घालणाऱ्यानं हिशेब दोनदा करावा: एकदा खाली येणाऱ्या भाराचा, एकदा वर जाऊ पाहणाऱ्या छपराचा. पत्रा वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला आणि खांब पायाला, अशी प्रत्येक जागी बोल्ट किंवा पट्टीनं बांधलेली साखळी हवी. यातला एक दुवा नुसता ठेवलेला असला, तर बाकीचे कितीही घट्ट असोत, वारा नेमका तोच शोधून काढतो.