हप्ता वाढला, म्हणून पॉलिसी सोडावी काय?

मार्च महिन्यातील गोष्ट. शाखेत वर्षअखेरीची धांदल चालू असताना एक निवृत्त मुख्याध्यापक माझ्यासमोर येऊन बसले. हातात आरोग्य विम्याच्या नूतनीकरणाची नोटीस होती. ‘‘साहेब, निवृत्तिवेतन आहे तेवढेच आणि हप्ता मात्र दरवर्षी चढता. यंदा पॉलिसी बंद करतो आणि तेच पैसे मुदत ठेवीत टाकतो,’’ ते म्हणाले. पती-पत्नी दोघांची ती पॉलिसी अकरा वर्षे अखंड चालू होती.

मुदत ठेव स्वीकारणे हे माझे कामच. तरीही त्या दिवशी मी अर्ज पुढे केला नाही, कागद-पेन्सिल पुढे केली. अनेक ज्येष्ठ ग्राहकांच्या मनात हाच प्रश्न घोळत असल्याने तो हिशेब येथे मांडत आहे.

हप्ता का वाढतो?

वय वाढते तशी रुग्णालयात दाखल होण्याची शक्यता वाढते आणि बहुतेक योजनांत वयोगट बदलला की हप्त्याचा दरही बदलतो. त्यात उपचारांचा खर्च सतत वाढत असतो. एखाद्या योजनेतील दाव्यांची रक्कम जमा हप्त्यांच्या तुलनेत फार झाली, की कंपनी दर सुधारून घेते.

या वाढीला लगाम घालण्यासाठी भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने ३० जानेवारी २०२५ रोजी आदेश काढला. त्यानुसार ६० वर्षे व त्यावरील विमाधारकांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा झाल्यास कंपनीला प्राधिकरणाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. दुसरा दिलासा म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. ४०,००० रुपयांच्या हप्त्यावर पूर्वी ७,२०० रुपये कर पडत असे.

तरीही गाफील राहू नये. दरसाल १० टक्के वाढ धरली, तर ४०,००० रुपयांचा हप्ता सात वर्षांत सुमारे ७८,००० रुपयांवर, म्हणजे जवळपास दुपटीवर जातो. तेव्हा नियोजन आजच करावयास हवे.

कंपनी बदलण्याचा अधिकार

१ ऑक्टोबर २०११ पासून आरोग्य विमाधारकाला आपली पॉलिसी एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येते. यालाच ‘पोर्टेबिलिटी’ म्हणतात. त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत जाता येते, त्यास ‘मायग्रेशन’ म्हणतात. दोन्हींत महत्त्वाचा लाभ असा, की जुन्या पॉलिसीत काढलेली वर्षे वाया जात नाहीत. आधीपासूनच्या आजारांसाठी नव्या विमाधारकाला जास्तीत जास्त ३६ महिने थांबावे लागू शकते. जुन्या पॉलिसीत हा काळ पूर्ण झाला असेल, तर तो नव्या ठिकाणी जमेस धरला जातो. मात्र ही सवलत जुन्या विमा रकमेपुरतीच असते. रक्कम तीन लाखांवरून पाच लाखांवर नेली, तर वाढीव दोन लाखांसाठी प्रतीक्षा नव्याने सुरू होते.

सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवली या कारणाने दावा नाकारता येत नाही. हा कालावधीही पोर्टेबिलिटीत जमेस धरला जातो. २०२४ च्या नियमांनुसार जुन्या कंपनीने मागितलेली माहिती ७२ तासांत पुरवावयाची असते आणि ती मिळाल्यापासून पाच दिवसांत नव्या कंपनीने निर्णय कळवावयाचा असतो.

येथेच पाय घसरतो

अर्ज करण्याचा अधिकार आपला असला, तरी तो स्वीकारावयाचा की नाही हे नवी कंपनी ठरवते. २०२४ पासून ज्येष्ठांनाही नवी पॉलिसी घेण्यास वयाची आडकाठी उरलेली नाही, परंतु प्रकृतीची छाननी होतेच. याउलट, पूर्वी दावे केले एवढ्याच कारणाने जुन्या कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही. म्हणून सूत्र एकच : नव्या कंपनीची लेखी स्वीकृती हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी खंडित होऊ देऊ नये. नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी अर्ज करावा. प्रस्ताव अर्जात मधुमेह, रक्तदाब, जुन्या शस्त्रक्रिया यांची नोंद प्रामाणिकपणे करावी.

हप्ता कमी करण्याचे अन्य मार्ग

१. प्रत्येक दाव्याचा ठरावीक हिस्सा स्वतः भरण्याची अट स्वीकारल्यास हप्ता कमी होतो. तेवढी रक्कम मात्र बचत खात्यात हाताशी ठेवावी.

२. मूळ पॉलिसी मध्यम रकमेची ठेवून तिच्यावर ‘सुपर टॉप-अप’ घेणे बहुधा स्वस्त पडते.

३. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक नागरिकाला, उत्पन्न कितीही असले तरी, २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत प्रति कुटुंब वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले. खासगी विमा असणाऱ्यांनाही ते घेता येते. उपचार मात्र योजनेशी संलग्न रुग्णालयांतच मिळतात.

४. जुनी करप्रणाली निवडणाऱ्या ज्येष्ठांना हप्त्यावर ५०,००० रुपयांपर्यंत वजावट मिळते.

दाव्याविषयी वा हप्त्याविषयी तक्रार असल्यास प्रथम कंपनीकडे लेखी करावी. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. महाराष्ट्रात मुंबई व पुणे येथे लोकपाल कार्यालये आहेत. आणखी एक गोष्ट एक बँक अधिकारी म्हणून स्पष्टपणे सांगतो : कोणत्याही बँकसेवेसाठी विमा घेणे बंधनकारक नाही. शाखेत सुचवलेली योजनाही इतर योजनांशी ताडून पाहूनच घ्यावी.

मुख्याध्यापकांच्या नूतनीकरणाला त्या वेळी सात आठवडे होते. त्यांनी दुसऱ्या कंपनीकडे अर्ज केला. पत्नीच्या हृदयविकाराच्या नोंदीमुळे तो नामंजूर झाला. जुनी पॉलिसी चालू असल्याने नुकसान काहीच झाले नाही. पुढे त्याच कंपनीच्या, खर्चाचा काही भाग स्वतः सोसण्याची अट असलेल्या योजनेत त्यांनी स्थलांतर केले आणि हप्ता पेलवेल इतका उतरला. ठरवल्याप्रमाणे मार्चमध्येच त्यांनी पॉलिसी सोडली असती, तर त्या माउलीला पुन्हा संरक्षण मिळणे कठीण होते. मुदत ठेवीत पहिल्या वर्षी जमले असते ते केवळ एका हप्त्याचे पैसे.

ग्राहकहो, तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही. पण खणलेली विहीर दोर महागला म्हणून बुजवणे, हेही शहाणपणाचे नव्हे. नोटीस आली की ती बाजूला न टाकता आधी नूतनीकरणाची तारीख पाहावी आणि हिशेब मांडावयास बसावे.