अंगठ्याला पोचेल तेवढं

सकाळी ६:१५

रात्रभर चार्जरला लावलेला फोन काढते. कंपनीने परीक्षणासाठी पाठवलेला हा छोटा टचस्क्रीन फोन. प्रसिद्धीवरची बंदी (एम्बार्गो) उठेपर्यंत नाव लिहिता येत नाही. त्यात माझंच सिम आहे, शिवाय बँक, यूपीआय, ऑफिसचा मेल, सोसायटीचा ग्रुप. रिकामा फोन कुठलाही छानच चालतो. छोट्या फोनमध्ये बॅटरीला जागा कमी, म्हणून त्याची परीक्षा रोजच्या ओझ्याखालीच घ्यायची.

७:४८, डोंबिवली

लेडीज डब्यात उभी आहे. एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात फोन. छोट्या फोनची याहून चांगली प्रयोगशाळा मला माहीत नाही. स्टीव्हन हूबर या अमेरिकन डिझाइनरने २०१३ मध्ये सार्वजनिक ठिकाणी लोक फोन कसा धरतात याच्या १,३३३ नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांतल्या ४९ टक्के वेळा फोन एकाच हातात होता. लोकलमध्ये गर्दीच्या वेळी दुसरा पर्यायच नसतो.

जाहिरातीत पडद्याचा कर्ण इंचांत सांगतात. हाताला मात्र रुंदी कळते. २०२१ चा आयफोन १३ मिनी ६४.२ मिलिमीटर रुंद होता आणि माझ्या तळव्याला अजून तेच माप योग्य वाटतं. २०२२ च्या आयफोन १४ मालिकेत मिनी नव्हताच, ६.७ इंचांचा प्लस आला. तेव्हापासून लहान हाताच्या माणसांचा विचार बाजाराने जवळपास सोडून दिला आहे, आणि त्या माणसांत बायका मोठ्या संख्येने आहेत. हा फोन मिनीहून किंचित रुंद आहे. कुर्त्याच्या खिशात पूर्ण बसतो, वाकलं तरी बाहेर येत नाही. कडा गोल आहेत, पाठ खरबरीत आहे, घामेजल्या हातातून निसटत नाही. पॉवरचं बटण अंगठा जिथे आपोआप टेकतो तिथेच आहे आणि त्यातच ठशाचा सेन्सर. ज्याने ही जागा ठरवली त्याने फोन हातात धरून ठरवली आहे.

सॉफ्टवेअरमध्ये हा विचार अर्ध्यावर सुटतो. होम स्क्रीनवर मधूनच बोट खाली ओढलं की सूचना उघडतात, हे उत्तम. पण मेसेजमधला शोध अगदी वरच्या कोपऱ्यात. ॲपलने २०१४ मध्ये आयफोन ६ मोठा केला तेव्हा पडद्याचा वरचा भाग खाली ओढून आणण्याची सोय दिली होती. तशी सोय इथेही आहे; पण छोट्या फोनला ती लागावी, याचा अर्थ बटणं चुकीच्या जागी बसवली आहेत.

घाटकोपरला डबा भरतो. ‘दादरला उतरते’ एवढंच एका अंगठ्याने टाइप करायचं आहे. मिनीसारखा ५.४ इंची पडदा जेमतेम ५७ मिलिमीटर रुंद असतो. देवनागरीच्या एका ओळीत अकरा कळा धरल्या तर एकेक कळ सुमारे पाच मिलिमीटरची. गूगलची शिफारस मात्र नऊच्या आसपास आहे. इंग्रजी कळाही छोट्याच असतात, पण तिथे शब्द ओळखणारं सॉफ्टवेअर चुका सावरून घेतं. मराठीत दादर, दादरला, दादरहून, दादरच्याच अशी एकाच शब्दाची रूपं बदलत जातात आणि या फोनची अंदाज बांधण्याची ताकद दुसऱ्या प्रत्ययाशीच संपते. बाजूची कॉलेजची मुलगी सरळ रोमन लिपीत मराठी लिहिते आहे. कळफलकाने तिच्यापुढे सोपी वाट तीच ठेवली आहे.

१०:००, ऑफिस

भाषा मराठी करून माझी चाचणीची फाइल उघडते. त्यात मूर्तींची, दऱ्याखोऱ्यांतून, त्र्यंबक, राष्ट्र, ॲप असे शब्द. ‘मूर्तींची’ माझा लाडका शब्द आहे: ‘म’खाली दीर्घ ऊकार, ‘त’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार. इंग्रजीच्या मापाने ओळीची उंची ठरवली की हा शब्द कुठेतरी कापला जातोच. वाचनाच्या ॲपमध्ये तो पूर्ण दिसतो. सूचनांच्या पट्टीत अनुस्वार अर्धा उडतो. ‘मूर्तींची’ची ‘मूर्तीची’ होते, अनेकांची एक होते.

भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलवर आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या २२ भाषा वाचता यायला हव्यात, हा नियम २०१८ पासून लागू आहे. त्यामुळे आज अक्षरांऐवजी चौकोन दिसत नाहीत, आणि ही मोठी मिळकत आहे. पण अक्षर उमटणं वेगळं आणि त्याला पुरेशी जागा मिळणं वेगळं. छोट्या पडद्यावर जागेची ओढाताण झाली की पहिली कात्री आपल्या मात्रांवर चालते.

१२:४०

दादरच्या फूलबाजाराबाहेर, भर उन्हात. क्यूआर स्कॅन झाला, पडदा नीट दिसला, पैसे गेले.

३:००

व्हिडिओ चित्रीकरण सुरू ठेवलं आहे. छोट्या फोनची अंगकाठीच लहान, उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग कमी. कॅमेऱ्याजवळची पाठ तापते, मग प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. हे मी दोष म्हणून लिहिणार नाही. आकाराची किंमत म्हणून लिहीन, कारण दिवसभर तोच हलका आकार मला हवाहवासा वाटला आहे.

८:१५, घरी

आईच्या हातात देते. ती लगेच म्हणते, “अगं, हा मुठीत मावतो! माझा म्हणजे पाटी आहे नुसती.” अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा करते, कारण तिच्या फोनवर तसाच असतो. मग वीजबिल भरायला सांगते. रक्कम टाकल्यावर कळफलक वर येतो आणि ‘पुढे जा’चं बटण त्याच्याखाली जातं. खाली काही आहे याची खूणही नाही. ती थांबते. “माझंच काही चुकलं का गं?”

“नाही आई, तुझं काही चुकलेलं नाही.”

ही पडताळणी परीक्षणात सगळ्यात वर घेणार. छोटा, हलका फोन ज्यांना खरोखर हवा आहे त्यांत तिच्या वयाची माणसं आहेत, आणि मोठं अक्षर त्यांना लागणारच. छोटा पडदा आणि मोठं अक्षर यांचा मेळ बसला नाही तर बाकीच्या सगळ्या कारागिरीचा तिला उपयोग नाही.

९:३०

बॅटरी १९ टक्के. दिवस निघाला. कंपनीला मेल लिहिते: सूचनांच्या पट्टीतली ओळ उंच करणार का? सर्वांत मोठ्या अक्षरावर ॲपची बटणं कळफलकाखाली जातात, त्यावर सिस्टिममध्ये काय उपाय केला आहे? सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार, हे लेखी कळवा. सोबत ‘मूर्तींची’चे दोन स्क्रीनशॉट जोडते. संपादक मॅडमना वेगळा निरोप: घडणीचे गुण आज देते, सॉफ्टवेअरचे या उत्तरांनंतर.