दोर आखूड, नळी लांब

पहाटे साडेपाच. मे महिन्यात हिंगोलीत कामाची खरी वेळ हीच. दहानंतर पत्र्याच्या शेडमध्ये पक्कड हातात धरवत नाही. आढ्याला मुरमाचं ऐंशी किलोचं पोतं रात्रभर टांगून ठेवलंय. नायलॉनच्या दोराचा काल दहा फूट भरलेला भाग आज चार बोटं लांबलाय. "हळदीचं पोतं टांग," असं शेजारी म्हणत होता. सध्याच्या भावात ते टांगलं असतं, तर बाबांनी मलाच आढ्याला टांगलं असतं.

या चार बोटांसाठीच हा खटाटोप. विहिरीत उतरणाऱ्या माणसासाठी मी जी दोरी करतो तिला इकडे सगळे 'नाळ' म्हणतात. तिच्यात तीन जण एकत्र नांदतात: वजन पेलणारा दोर, हवेची नळी आणि बोलायची वायर. तिन्ही सारख्या लांबीच्या कापून बांधल्या, तर माणूस लटकताच दोर ताणतो, भार नळीवर येतो आणि नळी जोडातून निसटते. म्हणून दोर सर्वांत आखूड, नळी त्याहून लांब, वायर सर्वांत लांब. आजोबांना हे सांगावं लागलं नव्हतं. मोटेचा भार नाड्याच्या जाड दोरावर असायचा, सोंदुराच्या बारीक दोराने फक्त तिची सोंड सांभाळायची.

सात. दोर ताणलेला असतानाच बांधणी सुरू. दर दोन फुटांवर कापडी पट्टी. दोन पट्ट्यांमध्ये नळीला थोडा झोल, वायरीला जरा जास्त. पट्टी करकचून आवळली की नळी चेमटते, सैल ठेवली की सरकते, अंगठ्यालाच कळतं. नळी दोरापेक्षा लांब, हा नियम अंतराळातही दिसतो: 3 जून 1965 ला अमेरिकी अंतराळवीर एड व्हाइट जेमिनी-4 यानातून अंतराळात बाहेर पडला, तेव्हा त्याची प्राणवायूची नळी 25 फुटांची आणि आधाराची दोरी 23 फुटांची होती. दोन्ही एकत्र गुंडाळलेल्या. दोन फुटांचा तो फरक वाचला त्या दिवशी मी वहीवर मोठी रेघ ओढली होती.

साडेनऊ. औंढ्याच्या अलीकडचं एक शेत. दहा परुस खोल, चार वर्षं न उपसलेली विहीर. तळाशी गाळ आणि त्यात पडलेली मोटर. शेतमालक म्हणाले, "कंदील सोडून बघा की. विझला नाही तर उतरा." कंदील फक्त प्राणवायूचं सांगतो. विहिरीत कुणी डिझेल इंजिन चालवून गेलं असेल, तर त्याचा विषारी वायू कंदिलाला कळत नाही आणि नाकालाही नाही. सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू आणखी लबाड: जास्त झाला की वास घेण्याची शक्तीच मारतो, आणि माणसाला वाटतं, वास गेला, चला.

मीटर दोरीने खाली सोडला. काठावर प्राणवायू 20.9, तळाशी 18.7. साडेएकोणीसच्या खाली नळीशिवाय कुणी उतरायचं नाही. तासभर ब्लोअर लावला, तळ 20.6 वर आला. तरी मास्क लागणारच, कारण गाळ ढवळला की कोंडलेला वायू सुटतो. ब्लोअर वाऱ्याच्या बाजूला, यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, इंजिनापासून लांब. टायरवाल्याचा कॉम्प्रेसर आणतो म्हणणारे भेटतातच. त्यातून तेलाचे कण येतात. शेतातली लाईट या आठवड्यात रात्रपाळीची, म्हणून ब्लोअर बॅटरीवर. बॅटरीही दगा देईल असं धरून आत उतरणाऱ्या माझ्या मामांच्या कमरेला दहा मिनिटांची छोटी बाटली.

साडेअकरा. मामा उतरले. तीस वर्षांत त्यांनी शंभरेक विहिरी खोदल्यात. विहिरीत ओरडलेला शब्द भिंतीवर आपटून तुकडे होऊन वर येतो, वर यारीचा आवाज, म्हणून वायर. सुरुवातीला मी बोलताना दाबायचं बटण ठेवलं होतं. ते काढून टाकलं. बटण दाबायला शुद्ध असावी लागते. आता माइक सतत चालू असतो, माझ्या कानात मामांचा श्वास चालतो. वायर तुटलीच तर दोराचे झटके: एक म्हणजे ठीक, चार म्हणजे ओढा.

बारा दहा. श्वास जड झाला. "मामा?" उत्तर नाही. मी यारीवाल्याला हात केला. मामा वर आले, मास्क काढला आणि ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मोटरीला साखळी अडकवताना गाळात पाय रुतला होता, दम लागला होता, एवढंच. "तुला विचारलं होतं का मी?" मी पाण्याची बाटली पुढे केली. ते दहा मिनिटं बोलले नाहीत, मग स्वतःच पुन्हा पट्टा बांधायला उभे राहिले.

अडीच. मोटर वर. शेतमालकांनी चहा मागवला आणि मजुरीवर बोलणी सुरू झाली. नाळेचं भाडं वेगळं का, असा त्यांचा प्रश्न. नाळ जिवासाठी असते, आणि जिवाच्या किमतीचं बोलायचं तर गटारात मरणाऱ्या कामगाराच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये दहा लाख ठरवली, 2023 मध्ये तीस लाख केली. तो निकाल गटारांचा. विहिरीच्या काठावर हिशोब अजून चहाच्या कपाशीच होतो. दोनशे रुपये कमी केले. मामांच्या मजुरीतून नाही.

सात. शेडमध्ये नाळ धुऊन पसरली. बोटांनी चाचपत जाताना बावीस फुटांवर वायरीचं वेष्टन खरखरीत लागलं. तिथेच ती दिवसभर विहिरीच्या कठड्यावर घासली असणार. आतली तांब्याची तार अजून झाकलेली आहे. तेवढा तुकडा काढून टाकला. मोटेला काठावर चाक असायचं, आमच्या नाळेला नाही. जुन्या सायकलीची रिम माळ्यावर कुठेतरी आहे, जेवून शोधतो.